तीस पट जवळची बाग

यंदाचा हस्त बहार धरला आहे. कळंबच्या आमच्या डाळिंबाच्या बागेचं पाणी दादानं महिन्यापूर्वीच तोडलं, मग पानगळीची फवारणी घेतली. गेल्या रविवारी गेलो तेव्हा तेवीसच्या तेवीस ओळी उघड्या काड्यांनी उभ्या होत्या. नवख्याला वाटेल बाग वाळली. डाळिंबाला असं मुद्दाम उपाशी ठेवावं लागतं. मग एका सकाळी ठिबक सुरू करायचं, आणि पंधरा-वीस दिवसांत त्याच काड्यांच्या डोळ्यांतून तांबूस पालवी आणि लाल कळी एकदम बाहेर येते. ती येईपर्यंत घरातलं कुणी मोठ्यानं बोलत नाही.

बाग अशी उघडी असली की फार लांबचं दिसतं. शेततळ्याच्या भरावावर उभं राहिलं तर पहिल्या ओळीपासून तेविसाव्या ओळीपलीकडची कडुलिंबाची झाडंसुद्धा दिसतात. मी भरावावर उभा राहिलो की तीन वर्षांपूर्वीचा हस्त बहार आठवतो. त्या वर्षी मी कॅमेरा घेतला होता.

आधी बागेचे नियम सांगायला हवेत. आमची जुनी बाग तेल्यानं गेली. तेल्या म्हणजे पानावर, फळावर तेलाचा थेंब पडल्यासारखा काळपट डाग. पुढं फळ तडकतं, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जायला त्याला पावसाचा शिंतोडा, छाटणीची कात्री, माणसाचा हात, काहीही पुरतं. जुनी झाडं मशीन लावून उपटली आणि बांधावर जाळली. जमिनीला दोन वर्षं विसावा दिला. मग मी आणि दादानं दोरी धरून नवी लागण केली. चौदा बाय दहा फुटांवर, तेवीस ओळी, ओळीत सतरा झाडं. तीनशे एक्क्याण्णव. खड्डे मी मोजले, रोपं दादानं लावली.

त्या दिवसापासून दादानं बागेत माणूस बंद केला. पूर्वी आमच्याकडे पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला बाग दाखवायची रीत होती. आता पाहुण्याला खुर्ची बांधावर, चहा बांधावर, आणि बाग बांधावरूनच बघायची. छाटणीला येणारे मजूरसुद्धा पाण्याच्या मोटारीवर आंघोळ करून दादानं दिलेले कपडे घालतात. बागेच्या तोंडाशी औषधाच्या पाण्याचं घमेलं असतं, त्यात पाय बुडवायचे. दादाचे बागेतले कपडे बाहेर लिंबाच्या खोडातल्या खिळ्याला टांगलेले असतात. तो आत जाताना अंगावरचे काढून तिथं अडकवतो, त्यांच्या खिशात फोनही राहतो.

हा नियम सगळ्यात कडक मला लागू झाला. मी बारामतीत ठिबकच्या दुकानात मोजमापाचं काम करतो. कुठल्या नळीतून तासाला किती लिटर पाणी पडतं, शेवटच्या झाडापर्यंत दाब पोचतो की नाही, हे बागांतून फिरून मोजायचं. आठवड्याला आठ-दहा बागा होतात, त्यांतल्या दोन-तीन तरी डागाळलेल्या.

"अशोक, तू धा बागा तुडवून येतुयास," दादा म्हणाला. "तुजा पाय बांधाच्या आत नगं. राग मानू नगंस."

"राग कसला? बरोबर आहे तुझं."

बरोबर होतंच. पण मोजलेल्या खड्ड्यांतली झाडं आता छातीएवढी झाली होती आणि त्यांना पहिल्यांदा फळ धरायचं होतं, आणि मी एकशे वीस फुटांवरून हिरव्यात लाल ठिपके बघत होतो. म्हणून कॅमेरा घ्यायचं ठरवलं. घरी सांगताना मी कारणं तीन सांगितली: कामाच्या नोंदी, घरातली कार्यं, आणि पक्षी. सुनंदानं, माझ्या बायकोनं, तिन्ही ऐकून घेतली आणि विचारलं, "आणि बाग?"

"आणि बाग."

फोननं काढलेला लांबचा फोटो मोठा करत गेलं की शेवटी रंगांची पेज होते, हे मी पाहिलं होतं. बारामतीतल्या दुकानदारानं काचेवर दोन कॅमेरे मांडले. एक गळ्यात अडकवायचा, साठ पट जवळ आणणारा. दुसरा खिशात मावणारा, तीस पटवाला.

"काका, साठ मिळतंय तर तीस कशाला घेताय?"

"साठ पट म्हणजे कशाच्या साठ पट?" मी विचारलं.

त्यानं खोक्यावर बघितलं. खोक्यावर ते नव्हतं. मी आठ दिवस वाचून गेलो होतो, म्हणून मीच सांगितलं. पट म्हणजे त्याच भिंगाचं सगळ्यात रुंद दिसणं आणि सगळ्यात लांबचं दिसणं यांचं प्रमाण. दोन कॅमेऱ्यांवर तीसच लिहिलेलं असलं तरी दोन्ही सारखं जवळ आणतील असं नाही. पट बघण्यापेक्षा शेवटचे मिलिमीटर बघावेत. आणि शेवटच्या टोकाला हात किती थरथरतो ते दुकानात उभं राहून बघावं. मी दोन्ही कॅमेऱ्यांनी रस्त्यापलीकडच्या डॉक्टरांच्या पाटीवरच्या वेळा वाचून पाहिल्या. दोन्हींनी वाचता आल्या. मोठ्यातून पाटीचे स्क्रूसुद्धा दिसले, पण डॉक्टरांच्या स्क्रूंशी मला काही काम नव्हतं.

मग वजन. मोठा सहाशे ग्रॅमचा, लहान तीनशेचा. हा फरक कागदावर कळत नाही. मी घरी येऊन खड्याचं मीठ सहाशे ग्रॅम तोलून पिशवीत बांधलं आणि ती पिशवी कामाच्या बॅगेत ठेवून फिरायला लागलो.

"लोक कॅमेरा वापरून बघतात," सुनंदा म्हणाली, "तुम्ही मीठ वापरून बघताय."

तिसऱ्या दिवशी मी मीठ घरी ठेवून गेलो. विसरून नव्हे, बॅगेत मोजपट्टी, दाबमापक आणि डबा होता, काहीतरी कमी करायचं होतं, ते मीठ झालं. निकाल लागला. मग तीनशे ग्रॅम मीठ बांधलं. ते आठ दिवस बॅगेत राहिलं, आणि पाचव्या दिवसानंतर ते आहे हेही मला आठवेना. रोज वापरायचा कॅमेरा घेणाऱ्याला मी आजही हेच सांगतो. घरी राहिलेला कॅमेरा साठ पटवाला असला तरी काही जवळ आणत नाही.

शिवाय लहान कॅमेऱ्याला डोळा लावायची छोटी खिडकी होती. ती मला हवीच होती. आमच्याकडच्या उन्हात मागच्या पडद्यावर स्वतःच्या तोंडाशिवाय काही दिसत नाही. दुकानदारानं पावती देताना सांगितलं, "भिंगाची नळी आतबाहेर करते काका, धुळीला जपा." दुकानदार प्रत्येक वस्तूबद्दल असं म्हणतो, म्हणून मी मान हलवली.

त्या हिवाळ्यातले रविवार मला एखाद्या लांब सुट्टीसारखे आठवतात. सकाळी आठला मी भरावावर बसायचो. दहाच्या पुढं उपयोग नसे. जमीन तापली की हवा हलायला लागते आणि लांबचं चित्र पाण्यात पडल्यासारखं डुलतं. आठ ते दहा मात्र बाग माझी. नवव्या ओळीतल्या डाळिंबाच्या तुऱ्याच्या पाकळ्या मोजता येत. सहा असत, कधी सात. फळावर चढणारी मुंगी दिसे. ठिबकच्या नळीतून पडणारा थेंबही दिसे, आणि मी सवयीनं दोन थेंबांमधला वेळ मोजे.

शेजारचे सोपानतात्या त्यांच्या बांधावरून विचारायचे, "आरं अशोकराव, डाळिंबं बगतुयास का आमच्या घरात डोकावतुयास?"

"तुमच्या घरात काय बघायचंय तात्या?"

"तेच म्हंतो मी. म्हातारी दळत बसलीय. फोटू काढशील तर तिला सांगून काढ, न्हायतर लुगडं बदलाया जायाची."

एका रविवारी खिडकीतून बाग बघता बघता दादा चौकटीत आला. फळ हातात घेऊन तो चष्मा कपाळावर सरकवायचा, फळ नाकापर्यंत आणायचा, फिरवायचा, मग चष्मा खाली घेऊन पुन्हा बघायचा. एका फळाला इतका वेळ. त्याच्या कानामागचे केस पार पांढरे झाले होते. आम्ही दर आठवड्याला समोरासमोर बसून जेवत होतो, पण एवढ्या निवांतपणे मी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. मी फोटो काढला नाही.

जानेवारीत तीन दिवस आभाळ भरून आलं. फळं पेरूएवढी झाली होती. असं ढगाळ हवामान म्हणजे तेल्याला आमंत्रण. त्या रविवारी मी पूर्ण तीस पटावर नेऊन अकरा फोटो काढले, अकरा वेगवेगळ्या झाडांचे, आठव्या आणि नवव्या ओळीतले. उजेड कमी होता, म्हणून जागेवर नीट काही कळलं नाही. संध्याकाळी बारामतीला घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडले.

पहिल्याच फळावर डाग होता. करडा, काठ विरलेला, तेलाचा थेंब पडल्यासारखा.

मी अकराही फोटो तपासले. मोजले. सात फळांवर डाग. चारांवर नाही. पुन्हा मोजले, पुन्हा सात. झाडांचे क्रमांक कागदावर लिहिले. सुनंदा जेवायला वाढून हाक मारत होती. मी दादाला फोन लावला.

"किती झाडं?" एवढंच त्यानं विचारलं.

"सात. आठव्या ओळीतली तिसरं, चौथं, सातवं, नववं. नवव्यातली दुसरं, पाचवं, सहावं."

"नक्की?"

"तीनदा मोजलंय दादा."

त्यानं झाडांचे क्रमांक एकदा परत म्हणून घेतले. मग म्हणाला, "उद्या सकाळी सातबी झाडांची फळं उतरवतो. पुरून टाकतो. बाकीची वाचली तर वाचली."

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ झालं होतं. सुनंदा गच्चीवर कपडे वाळत घालत होती. भोरड्यांचे थवे आले होते. हिवाळ्यात ते येतात, ज्वारीच्या रानांवर धुरासारखे वळत राहतात. मी उदास बसलो होतो म्हणून की काय, तिनं कॅमेरा उचलला आणि स्वतःच फोटो काढायला लागली. चार-पाच काढले. मग पडद्यावर ते मागंपुढं करत बघत राहिली, पदरानं पडदा पुसला, पुन्हा बघितलं.

"अहो, ही एक भोरडी हलतच नाही."

"कुठली?"

"ही बघा. थवा इकडचा तिकडं गेला, ही तिथंच. या फोटोत तिथंच, या फोटोत पण तिथंच."

मी बघितलं. मधोमध नाही, जरा डावीकडं, जरा वर. करडी, काठ विरलेली. मी कॅमेरा घेतला आणि रिकाम्या निळ्या आभाळाचा फोटो काढला. ती होती. पाण्याच्या टाकीचा काढला. टाकीवर होती. धावत खाली जाऊन कालचे अकरा फोटो उघडले. ज्या सातांत मी फळ मधे घेतलं होतं, त्यांत डाग फळावर पडला होता. उरलेल्या चारांत फळ बाजूला होतं, आणि डाग त्याच जागी होता, पानांच्या सावलीत. मी सात मोजले होते. चारांना मी स्वच्छ म्हणून सोडून दिलं होतं, त्यांच्याकडं बघितलंच नव्हतं.

भिंगाची नळी आतबाहेर करता करता धूळ आत घेऊन गेली होती. एक कण.

दादाला फोन लावला. वाजत राहिला. वहिनींना लावला. तोही वाजत राहिला. दोन्ही फोन लिंबाच्या खिळ्याला असणार. मी गाडी काढली. त्या रस्त्यानं मी कधी पन्नासच्या वर गेलेलो नाही. त्या दिवशी काट्याकडं बघितलं नाही.

बांधावर पोचलो तर आतून कॅरेट, फळं भरायचा प्लास्टिकचा खोका, ठेवल्याचा आवाज येत होता. शनिवारी मी दोन बागा फिरून आलो होतो, एक डागाळलेली. तेच बूट पायात होते. दादा, दादा म्हणून ओरडलो, पण सोपानतात्यांच्या रानात फवारणीचा ट्रॅक्टर सुरू होता, त्यापुढं माझा आवाज काय जाणार? एक पाय बांधावर होता, दुसरा उचललेला. आतली झाडं निरोगी आहेत हे त्या क्षणी जगात मला आणि सुनंदालाच माहीत होतं, आणि त्यांच्यात रोग घेऊन जाऊ शकणारा माणूसही मीच होतो. उचललेला पाय मी मागं घेतला. भरावावर चढलो, डोक्यावरचा रुमाल काढला आणि दोन्ही हातांनी हलवत राहिलो.

वहिनींनी पहिल्यांदा पाहिलं. मग दादा बाहेर आला. हातात कात्री, चष्मा कपाळावर.

"काय झालं?"

"थांबव. डाग नाहीत."

"आं?"

"फळावर नाहीत दादा. कॅमेऱ्यात आहे. धूळ गेलीय आत. मी चुकलो."

पाच झाडं उतरवून झाली होती. कॅरेटमध्ये हिरवट, अर्धी वाढलेली फळं. दादा कॅरेटकडं बघत उभा राहिला. मी शिव्या खायला तयार होतो. त्या खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"पहाटंपासनं तोडतुय," तो म्हणाला. "एकेक फळ फिरवून बगितलं. मला एकबी डाग दिसला न्हाय. हिलाबी इचारलं. ही म्हणाली मला बी न्हाय दिसत. पण तू म्हणलास सात. तू आकड्याचा माणूस, तीनदा मोजल्याबिगर बोलायचा न्हायस. म्हणलं, म्हंजी माजंच डोळं गेलं." तो खाली बसला. "पाच झाडं मी तेच डोक्यात घिऊन उतरवली. बाग दिसत न्हाय मला आता, मग बाग ठिवायची कशाला?"



त्यानं कॅरेटमधलं एक फळ उचललं, चष्मा खाली घेतला, फळ नाकापाशी नेलं आणि सावकाश फिरवलं. "म्हंजी मला दिसतंय ते बरुबर हाय," तो म्हणाला, आणि हसायला लागला. पाच झाडांचं पहिलं फळ मातीत गेलेला माणूस असा हसताना मी दुसरा पाहिला नाही.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "तेल्या तुमच्या कॅमेऱ्याला झालाय. त्यो आणा, ह्याच खड्ड्यात पुरू."

कॅमेरा पुरला नाही. पुण्याला पाठवून साफ करून आणला. अजून तोच वापरतो. फक्त कामाला निघण्याआधी रोज सकाळी एक फोटो कोऱ्या आभाळाचा काढतो, पूर्ण तीस पटावर नेऊन. तो कोरा आला तरच त्या दिवशीच्या बाकीच्या फोटोंवर विश्वास ठेवतो. कॅमेरा घ्यायचा म्हणून कुणी सल्ला विचारला की मिलिमीटर सांगतो, वजन सांगतो, खिडकी सांगतो, आणि नळी आतबाहेर करणारा घेणार असाल तर हे आभाळाचंही सांगतो. बहुतेक लोक मिठापर्यंत ऐकतात आणि आभाळापाशी हसतात. हसू देत. पाच झाडं काय असतात ते त्यांना माहीत नाही. ती पाचही पुढच्या बहाराला भरून आली, आणि गेल्या वर्षी तर आठव्या ओळीनं सगळ्या बागेत जास्त फळ दिलं. यंदाही काड्या चांगल्या जून झाल्यात.

पण मला आठवतो तो सोमवार, तिथून पुढचा. दादा उठला आणि म्हणाला, "मोटारीवर जाऊन आंगूळ कर. घासून कर, डोक्यावरनं. माजी कापडं घाल."

"दादा, मी परवाच डागाच्या बागेत—"

"म्हणूनच सांगतुय घासून कर."

जानेवारीचं पाणी अंगावर घेताना दात वाजत होते. दादाचा सदरा मला दंडात घट्ट होत होता. घमेल्यात पाय बुडवले आणि दीड वर्षानं मी माझ्या मोजलेल्या खड्ड्यांमधून चालायला लागलो. झाड हातभर अंतरावर असलं की किती मोठं दिसतं, पानाला कसा वास असतो, हे मी विसरलो होतो.

"राहिलेल्या समद्या झाडांची फळं बगायची," दादा म्हणाला. "तू त्या बाजूनं, मी ह्या बाजूनं. डाग दिसला तर बोल. न्हाय दिसला तरी बोल."

तीनशे शहाऐंशी झाडं. ओळीच्या एका अंगाला तो, दुसऱ्या अंगाला मी, मधे झाड. प्रत्येक फळ हातात घ्यायचं, फिरवायचं, सोडायचं. झाड झालं की पलीकडून त्याचा आवाज येई, "न्हाय." मी म्हणे, "नाही." पुढचं झाड. "न्हाय." "नाही." पानांतून कधी त्याचा चष्मा चमके, कधी नुसता हात दिसे. तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत तो माझ्या उत्तराची वाट बघत होता. पुढं पुढं तो आधी बोलायला लागला, खणखणीत, आणि दहाव्या ओळीपासून मला कळलं की मीच त्याचं ऐकून माझं पक्कं करतोय. वहिनींनी भाकरी बांधावर आणून ठेवली, ती गार झाली. दुपार कलली. तेविसाव्या ओळीचं सतरावं झाड त्यानं माझ्याआधी संपवलं.

"न्हाय," तो म्हणाला.

मी माझ्या बाजूचं शेवटचं फळ फिरवून सोडलं. "नाही."

त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि आलो त्या ओळीकडं वळून बघितलं.

"फळं झाली," तो म्हणाला. "पानं ऱ्हायली. उद्या ये."